डावीकडची जागा

"मुंबईच्या इतिहासात आजचा रविवार सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल!"

मोटारीच्या फूटबोर्डावर एक पाय ठेवून नानांनी हे जाहीर केले, तेव्हा त्यांच्यासमोर श्रोते म्हणून मोटारीखालून बाहेर आलेले चार पाय होते. त्यांतले दोन त्यांच्या धाकट्या भावाचे, गंगाधरचे. उरलेले दोन शेजारच्या वाडीतल्या रॉकचे होते आणि रविवार असूनही ते चर्चला गेलेले नव्हते. चारांपैकी एकही पाय भारावून हलला नाही.

"नाना," मोटारीखालून गंगाधरचा आवाज आला, "तो पाय काढ आधी. जॅक सरकतोय."

नानांनी इतिहासावरचा पाय काढला.

नाना धैर्यवान एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे आयुष्यभर त्यांना 'यस सर' एवढेच बोलावे लागले, त्यामुळे बाकीचे सगळे शब्द शिल्लक पडले होते आणि ते आता संयुक्त महाराष्ट्र समितीच्या उपयोगी येत होते. वाडीतले लोक त्यांच्या भाषणांना हसत. पण मागच्या वर्षीच्या जानेवारीत वाडीच्या तोंडाशी पोलिसांची गोळी लागून पडलेला एक मुलगा नानांनी स्वतः उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवला होता, हेही लोकांनी पाहिले होते. त्या मुलाचे नाव नानांना अजून कळलेले नव्हते. त्या दिवसापासून त्यांचा आवाज चढला तो उतरला नाही. म्हणून लोक हसत ते तोंड फिरवून.

आता निवडणूक तोंडावर आली होती. धैर्यवानांच्या घरची जुनी विलायती मोटार नानांनी समितीच्या प्रचाराला दिली होती, टपावर कर्णा बांधून. पहिल्याच फेरीत लालबागच्या वळणावर मोटार डाव्या अंगावर इतकी कलली की कर्णा दोरीसकट सुटला आणि उसाच्या गुऱ्हाळात पडला. नानांची घोषणा 'संयुक्त महाराष्ट्र' इथपर्यंतच आली होती. पुढचे 'झालाच पाहिजे' लोकांनी गुऱ्हाळवाल्याकडे बघून म्हटले. दुसऱ्या दिवशी काळाचौकीची सभा भरवणाऱ्या शामरावांचा निरोप आला: नाना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण गाडी सरळ होत नसेल तर आम्ही हातगाडी बघतो.

हातगाडी! नाना दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे रात्री जेवले, पण रागाने.

"झालं!" म्हणत गंगाधर मोटारीखालून बाहेर सरकला. तो परळच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात फोरमन होता. त्याच्या मागोमाग रॉक निघाला. जॅक उतरवला. मोटार खाली बसली, एकदा हलली आणि थांबली. सरळ. पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

"काय काय केलंत?" नानांनी विचारले. त्यांना यंत्रातले काही कळत नसे, पण भाषणाला मुद्दा लागतो.

"डावीकडचे स्प्रिंगचे पाटे गेलेच होते. परळला दोन्ही बाजूंचे नवे करून घेतले, एक-एक पाटा जास्त घालून. शॉकॲब्सॉर्बर बदलले. आणि मुख्य म्हणजे ही दांडी." गंगाधरने वाकून दाखवले. "कुर्ल्याला भंगारात एक मोडकी अमेरिकन गाडी होती, तिची. रॉकनं ती तापवली, आपल्या मापानं वाकवली, परत पाणी दिलं."

"अशी दांडी अख्ख्या गिरगावात दुसरी नाय," रॉक म्हणाला. "लिहून घे."

"पण ती करते काय?"

"वळणावर गाडीची एक बाजू दबायला लागली ना, की ही दांडी पिळते आणि दुसऱ्या बाजूलाही तिच्याबरोबर ओढते. दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. एकाला एकट्याला कलू देत नाही."

नानांचे डोळे चमकले. "हेच! हेच मी गेलं वर्षभर ओरडून सांगतोय! विदर्भ, मराठवाडा, कोकण, मुंबई! एका दांडीनं बांधलेले! एकाला कलू देणार नाही! गंगाधर, आज काळाचौकीच्या सभेत हाच दृष्टांत."

"आणि गुजरात?"

हा आवाज पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आला. तिथे पेपर धरून अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे नानांचे सख्खे काका. गुजरात जोडलेले मुंबईचे द्वैभाषिक राज्य त्यांना मान्य होते. त्यामागे राजकारण नव्हते. ते राज्य नानांना अमान्य होते, एवढे अप्पांना पुरे होते.

"गुजरातचं काय?" नाना वर बघून म्हणाले.

"एक डावं चाक, एक उजवं चाक. जागा वेगळी, वागणं वेगळं. दोघांना एका दांडीला बांधलं की गाडी सरळ चालते, असं तुझा भाऊच म्हणाला आत्ता. मग दिल्लीनं दुसरं काय केलं?"

रॉक पाना पुसायच्या निमित्ताने पाठ करून उभा राहिला.

"अप्पा, ही... ही निव्वळ गद्दारी आहे!"

"मी नाही, दांडी म्हणतेय," अप्पा म्हणाले आणि पेपर वर धरला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मृणालिनीने हे सगळे ऐकले, पण तिचे लक्ष दांडीकडे नव्हते. तिचे लक्ष मागच्या सीटकडे होते.

नानांशी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरे, आबासाहेब, हयात होते. देह अवाढव्य. मोटारीत ते मागे डाव्या बाजूला बसत आणि बसले की मोटार डावीकडे खाली जाई. सासूबाई कमलाबाई, म्हणजे माई, उजवीकडून चढत. वाडीतल्या बायका गॅलरीतून म्हणत, 'बसले हो आबासाहेब', आणि ते त्यांना बघून सांगत नसत, मोटारीचा कल पाहून सांगत.

आबासाहेबांना जाऊन आठ वर्षे झाली. मोटार मात्र डावीकडे कललेलीच राहिली.

ते गेल्यानंतर माई पहिल्यांदा देवळात जायला खाली उतरल्या, तेव्हा मोटार तशी कललेली पाहून त्या थबकल्या होत्या. मग म्हणाल्या, 'हे बसलेत आधीच.' कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी कोण बोलणार होते? आणि जे त्या दिवशी बोलायचे राहिले ते मग आठ वर्षे राहिले. डावी जागा रिकामी राहू लागली. माई उजवीकडे बसत आणि त्या रिकाम्या जागेशी बोलत. भाज्यांचे भाव सांगत, नातवंडांचे निकाल सांगत, नानांच्या तक्रारी सांगत. पुढे गंगाधर गाडी चालवी आणि शेजारी बसून नाना स्वतःच्या तक्रारी ऐकत.

मधल्या जागेवर मृणालिनी. आबासाहेबांना दीड माणसाची जागा लागत असे आणि ती दीड माणसाची जागा माईंनी जशीच्या तशी राखली होती. उरलेल्यात माई स्वतः आणि मृणालिनी. मृत माणूस ऐसपैस आणि जिवंत सून अंग चोरून, असा हा आठ वर्षांचा प्रवास. शाळेत ती चाळीस मुलींना शिस्तीत बसवत असे. स्वतःला बसायला तिला जागा नव्हती.

म्हणून पाटे बदलायची गोष्ट निघाली तेव्हा तिनेच गंगाधरला हळूच सांगितले होते, "भावजी, करायचंच तर नीट करा. अजिबात कलायला नको." तिने कारण सांगितले नाही. त्याने विचारले नाही. घरातले बहुतेक कट असेच शिजतात.

माईंना कोणी सांगायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा ब्रिटिश सरकारला आणि दिल्लीला न घाबरलेले नाना म्हणाले, "सध्या तेलपाणी चाललंय एवढंच सांगा."

माई जिना उतरल्या. रविवारचे महालक्ष्मीचे दर्शन. परतताना त्यांना घरी सोडून मोटार तशीच काळाचौकीला जायची होती, म्हणून टपावर कर्णा आधीच बांधला होता. देवीच्या दारात तो बंद ठेवायचा, या अटीवर माईंनी त्याला परवानगी दिली होती.

फाटकापाशी त्या थांबल्या.

मोटारीकडे बघत राहिल्या. मग चालत डाव्या बाजूला आल्या. मडगार्डवर हात ठेवला आणि थोडा दाबला. मोटार दबली नाही.

"हे कुठं आहेत?" माईंनी विचारले.

नानांनी खरोखरच इकडेतिकडे पाहिले.

"माई, ते काय झालं," त्यांनी सुरुवात केली, "तेलपाणी करता करता..."

"तेलपाण्यानं गाडी सरळ होते? मला शिकवतोस? यांच्याबरोबर मी ही गाडी बघायला गेले होते, तेव्हा तू चड्डीत होतास."

"गंगाधरनं केलंय," नाना म्हणाले. एकजुटीचा दृष्टांत सुचून त्यांना अजून अर्धा तासही झाला नव्हता.

"मी?" गंगाधर उसळला. "हातगाडी आणतील म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास ना? जेवत नव्हतास!"

"जेवत होते ते," मृणालिनी म्हणाली. ती एव्हाना खाली आली होती.

"कोणी केलं ते मला नको सांगू," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वाडीतल्या खिडक्या एकेक करून उघडू लागल्या. "जिच्या नावावर गाडी आहे तिला विचारलंत? गेली आठ वर्षं हे माझ्याबरोबर येतायत. ऊन नाही, पाऊस नाही, एक रविवार चुकवला नाही. आणि तुम्ही, सख्ख्या मुलांनी, त्यांना गाडीतून उतरवलंत! कशासाठी? कर्ण्यासाठी!"

आबासाहेबांनी जाताना घर नानांच्या नावावर केले होते आणि मोटार माईंच्या. त्यांच्या लेखी मोठे काय होते याचा वाद घरात अजून मिटलेला नव्हता.

"कर्ण्यासाठी नाही, मुंबईसाठी!" नाना म्हणाले. "माई, मुंबई हातची चाललीय!"

"कुठं चाललीय? सकाळी दूधवाला आला तेव्हा इथंच होती."

"अगदी बरोबर बोललात, वहिनी," गॅलरीतून अप्पा म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय. थोरल्या भावाची आठवण आहे ती. तिला हात लावायचा यांना अधिकार काय?"

"भावजी, तुम्ही गप्प बसा," माई वर न बघता म्हणाल्या. "हे होते तेव्हा तुम्ही या गाडीत एकदा बसला नाहीत. यांच्या शेजारी जागा उरत नाही म्हणून रुसून ट्रामनं गेलात. स्वतःच्या मुंजीच्या आदल्या दिवसापासून तुमचं यांच्याशी वाकडं. आता कुठली आठवण काढता?"

अप्पांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

रॉक इतका वेळ बाजूला उभा होता. तो पुढे आला. "माई, तू राग नको धरू. एक करतो. डाव्या साइडचे दोन पाटे काढतो. परत वाकडी करून देतो. पायजे तेवढी वाकडी सांग."

"रॉक!" गंगाधर ओरडला.

"अरे, कस्टमर म्हणेल तसं. पण एक सांगतो," इथे रॉकचाही आवाज चढला, "दांडीला हात लावायचा नाय. चार दिवस भट्टीपुढं उभा होतो मी. दांडी राहील. वाकडी पण राहील आणि वळणावर पडणार पण नाय. बस्स."

नानांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "म्हणजे उभी असताना वाकडी आणि चालताना सरळ? माई, हे काय वाईट आहे? सभेत कोणाला कळणार नाही, आणि आबा..."

"नको!"

हे मृणालिनी म्हणाली. ती इतक्या जोरात म्हणाली की तिची तीच दचकली. सगळे वळले.

"वाकडी करायची नाही," ती म्हणाली. "मीच सांगितलं भावजींना नीट करायला."

"तू?" माई म्हणाल्या.

"तू?" नाना म्हणाले. "म्हणजे हा घरातला कट आहे? मी सरकारला शिव्या देतोय आणि माझ्या स्वयंपाकघरात..."

"तुम्ही थांबा हो! तुम्ही पुढे बसता. माई, आठ वर्षं मी अर्ध्या जागेत बसतेय. शेजारी दीड जागा रिकामी. महालक्ष्मी येईपर्यंत माझा डावा पाय झोपतो. देवीपुढं मी एका पायावर उभी असते. परवा एक बाई मला नमस्कार करून गेली, तिला वाटलं माझं व्रत आहे!"

वरच्या मजल्यावर कोणीतरी हसले आणि लगेच खिडकी लागली.

"माझ्या माणसाच्या जागेवर तुझा डोळा होता," माई म्हणाल्या.

"डोळा नाही, पाय. मी तुमच्या माणसाला कधी कमी लेखलं नाही. ते होते तेव्हा मी टपावर बसले असते. पण आता..." ती थांबली. पुढचे वाक्य या घरात कोणी उच्चारलेले नव्हते. तीही उच्चारू शकली नाही.

माईंनी पदर खोचला. "ऐका. ही गाडी कुठेही जाणार नाही. देवळात नाही आणि सभेतही नाही. तो कर्णा उतरवा. तुमची मुंबई पायी मिळवा."

नानांचा चेहरा पडला. काळाचौकीला माणसे जमत असतील. शामराव रस्त्याकडे बघत असतील, आणि त्यांच्या शेजारी हातगाडी उभी असेल. नाना एकदम म्हातारे दिसू लागले. हे सर्वांत आधी गंगाधरच्या लक्षात आले.

गंगाधरला एक गोष्ट माहीत होती आणि ती कोणालाही सांगायची नाही असे त्याने मोटारीखाली पडल्या पडल्या ठरवले होते. रॉकला ती माहीत होती, कारण त्यानेच ती प्रथम पाहिली. आता रॉक त्याच्याकडे बघत होता.

"सांग ना," रॉक हळूच म्हणाला. "नाय तर गाडी भंगारात जाते बघ."

गंगाधर भिंतीपाशी गेला. तिथे गोणपाटाखाली जुने पाटे पडले होते. त्याने एक उचलून माईंच्या पायांपाशी आणून ठेवला. पाटा एक नव्हता. दोन तुकडे होते.

"हा डाव्या बाजूचा मोठा पाटा," तो म्हणाला. "सगळं वजन याच्यावर. मधोमध तुटलाय."

"यांच्या वजनानं," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"नाही, माई. आबा आजारी पडून घरी बसले, त्यानंतर मी एकदा सगळं उघडून साफ केलं होतं. तेव्हा हा अखंड होता. दबलेला होता, पण अखंड. ते आत बसले की गाडी कलायची आणि उतरले की परत वर यायची. आठव तू. वर यायची की नाही?"

माई त्या दोन तुकड्यांकडे बघू लागल्या.

"हा तुटला ते आबा गेल्याच्या सुमारास. गाडी नुसती उभी होती तेव्हाच कधीतरी, तू पहिल्यांदा देवळात निघालीस त्याच्या आधी. मला तेव्हाच खाली वाकून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. तू म्हणालीस, हे बसलेत, आणि मग वाकून बघायचं बरं वाटेना."

माईंनी खाली बसून पाट्याचा एक तुकडा उचलायचा प्रयत्न केला. तो जड होता. त्यांनी सोडून दिला.

"म्हणजे हे बसलेले नव्हते."

"नाही."

"मी आठ वर्षं तुटक्या लोखंडाशी बोलत होते."

त्यांनी तुकड्यावरचा गंज बोटाने पुसला.

"नानाच्या थोरलीचं लग्न मी याला विचारून ठरवलं," माई म्हणाल्या. आता मात्र त्यांचा आवाज चढू लागला. "दोन स्थळं होती. एक पुण्याचं, एक माटुंग्याचं. मी विचारलं, माटुंग्याचं करू का?"

"मग?" अप्पांनी न राहवून वरून विचारले. "काय म्हणालं?"

"गाडी ताडदेवच्या खड्ड्यात दोनदा हलली. मी होकार समजले!"

नानांनी डोळे मिटून घेतले. माटुंग्याचा जावई त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. तो काँग्रेसचा होता.

"आणि तुम्ही सगळे!" माई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही पुढे बसून ऐकत होतात. एकाला वाटलं नाही म्हणावंसं, की माई, तिथं कोणी नाही? नाना, दिल्लीपर्यंत ऐकू जाईल इतका तुझा आवाज. तो घरात कुठं जातो?"

नाना आले आणि आईसमोर उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते कर्ण्याशिवाय आणि मुद्द्याशिवाय बोलले.

"माई, आम्हाला वाटायचं, तुला बरं वाटतंय."

"वाटत होतं ना," माई म्हणाल्या. "त्याचाच तर राग आलाय मला."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मृणालिनीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग माई वळल्या. मोटारीचे डावे मागचे दार आठ वर्षे कोणी उघडले नव्हते. त्यांनी ते ओढले. ते आवाज करत उघडले. माई आत गेल्या आणि आबासाहेबांच्या जागेवर बसल्या.

मोटार हलली नाही.

"बघा," त्या आतून म्हणाल्या. "माझं तर वजनच नाही या दांडीला. चालव, गंगाधर."

"कुठं, माई?"

"चालव म्हटलं ना!"

कोणाला तिसऱ्यांदा सांगावे लागले नाही. गंगाधर स्टिअरिंगपाशी बसला, नाना त्याच्या शेजारी, मांडीवर मायक्रोफोन घेऊन. मृणालिनी उजवीकडून चढली आणि खिडकीशी बसली. जरा वेळ तिला पाय कुठे ठेवावेत तेच कळेना. इतकी जागा होती. मधली जागा रिकामी राहते आहे असे दिसताच अप्पा ज्या वेगाने जिना उतरले, तो त्यांच्या वयाला आणि मतांना शोभणारा नव्हता.

"मी समितीसाठी येत नाही," ते आत सरकत म्हणाले. "फक्त नाक्यापर्यंत. दांडी कशी चालते ते बघायला."

रॉक फूटबोर्डावर उभा राहिला. त्याला कोणावरही विश्वास नव्हता.

मोटार वाडीच्या तोंडाशी आली. इथले वळण अवघड. आजवर इथे मोटार इतकी कले की कोपऱ्यावरचा पानवाला सवयीने एक पाऊल मागे सरके. आजही तो सरकला. गंगाधरने स्टिअरिंग फिरवले, मोटार हमरस्त्यावर वळली. तिने मान खाली घातली नाही, खांदा टाकला नाही. टपावरचा कर्णा जागच्या जागी होता. पानवाला उगाचच मागे सरकल्याबद्दल नाराज दिसला.

"जीझस," रॉक स्वतःशीच म्हणाला. "काय दांडी हाय!"

नानांचा ऊर भरून आला. त्यांनी मायक्रोफोनचे बटण दाबले, तो तोंडाशी नेला. रस्त्यावरची माणसे थांबली. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत डोकी दिसू लागली. एका चाळीतून कोणीतरी मूठ उंचावली. नानांनी श्वास घेतला.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"थांबव!" माई म्हणाल्या.

गंगाधरने ब्रेक दाबला. मोटार भर रस्त्यात उभी राहिली. मागे ट्राम थांबली आणि तिची घंटा वाजू लागली. 'झालाच पाहिजे' म्हणायला उघडलेली तोंडे तशीच उघडी राहिली.

"माई, आता नको," नाना वळून काकुळतीला आले. हातातला मायक्रोफोन तसाच चालू होता. "मुंबईचा प्रश्न आहे. पाया पडतो तुझ्या."

माईंचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. त्या सीटवर जरा डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे, मग हात खाली घालून चाचपू लागल्या.

"इथली स्प्रिंग वर आलीय," त्या म्हणाल्या, आणि ते गिरगावभर ऐकू गेले. "केवढी टोचते! इथंच बसायचे ना हे?"

"हो, माई."

"नेहमी?"

"नेहमी इथंच."

माईंनी त्या स्प्रिंगवरून पुन्हा हात फिरवला. ट्रामची घंटा थांबली; ड्रायव्हर कान देऊन ऐकत होता.

"गाडीत मी काही बोलायला लागले की हे कण्हायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्यावर कण्हतात. म्हणून मी पुढचं बोलायचेच नाही." त्यांनी एकदा नाक ओढले. "मेल्याला सांगता आलं नाही, टोचतंय म्हणून!"

नाना मायक्रोफोन तसाच धरून बसले होते. काळाचौकी, हातगाडी, मुंबई, सगळे त्या एका बाईच्या पुढच्या शब्दावर अडून राहिले होते. गॅलऱ्यांतली माणसे कठड्यावर पुढे वाकली.

"मृणालिनी," माई म्हणाल्या, "घरी जाऊन एक उशी आण गं. आणि भरतकामाची नको आणू, ती पाहुण्यांना लागते."